मालकाचे पाच दिवस

"वहिनी, त्याचे पाच दिवस झाले ना? मग सोमवारी पाठवून द्या," माझ्या नवऱ्याचे मालक फोनवर म्हणाले, आणि मी गिऱ्हाइकाच्या केसांत कंगवा तसाच अडकवून पार्लरच्या मागच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. काही बोलणी गिऱ्हाइकासमोर करता येत नाहीत.

"पाच कधीच होऊन गेले," मी म्हटलं. "पण तपासणीच्या पट्टीवर अजून दोन रेघा येतात. चांगल्या ठळक येतात."

"पट्टीचं काय घेऊन बसलात? नियम पाच दिवसांचा आहे. मी कागद छापून भिंतीवर लावलाय, कुणीही यावं आणि वाचावं. ताप नाही, खोकला नाही, मग घरी बसून करतो काय तो?"

"तुमच्याकडे येऊन सगळ्यांना आजार वाटत नाहीये, एवढं करतो."

मालक हसले. माझं बोलणं ते नेहमी हसण्यावारी नेतात. "तुमच्या तोंडाला लागायला नको बुवा. सोमवारी पाठवा," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला राग लवकर येतो आणि तितक्याच लवकर जातो, असं माझं माहेर सांगतं, सासर सांगतं, पार्लरमधल्या मुलीही सांगतात. हा राग मात्र आला आणि मुक्कामालाच राहिला. तो कुणाला तरी ऐकवल्याशिवाय माझं काही खरं नाही.

माझा नवरा वाद्यं दुरुस्त करतो. फुंकून वाजवायची वाद्यं, म्हणजे क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन. शाळांच्या बँडची येतात, पोलिसांच्या बँडची येतात, हौशी लोकांची येतात. त्याला कारखाना म्हणायचं, पण आहेत सगळ्या मिळून तीन खोल्या. पुढे काउंटर, मध्ये पॉलिशची खोली आणि सगळ्यांत मागे फुंकायची खोली. वरच्या मजल्यावर मालकांचं घर. माझ्या नवऱ्याला तिथे सगळे फुंक्या म्हणतात, आणि त्यालाही ते आवडतं. घरी कुणी नावानं हाक मारली तर एखादे वेळी वळूनही बघत नाही.

मालकांच्या वडिलांपासून त्या कारखान्यात एक रीत आहे. वाद्य दुरुस्त झालं की दोन तोंडांखालून गेल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. ज्यानं दुरुस्त केलं त्यानं आधी फुंकायचं आणि लगेच, नळी गरम असतानाच, दुसऱ्याच्या हातात द्यायचं. कारण आपल्या हातचं काम आपल्या कानाला नेहमी गोड लागतं. आणि नळी गार झाली की स्वर उतरतो, मग दोष कामाचा की हवेचा ते कळत नाही. तोंडात धरायचा तुकडा, ते त्याला माउथपीस म्हणतात, तो ज्याचा त्याचा. बाकी वाद्य तेच. रस्त्यावरच्या गोंगाटात बारीक गळती ऐकू येत नाही म्हणून त्या खोलीच्या खिडक्या कायम बंद. खोली एवढीशी, समोरासमोर दोन स्टुलं, आणि दिवसभर दोन माणसं छाती भरभरून श्वास सोडत बसलेली. कोविडला पसरायला याहून सोयीची जागा मुद्दाम बांधायची म्हटली तरी जमायची नाही.

पहिलं तोंड माझ्या नवऱ्याचं. दुसरं आत्याचं. आत्या म्हणजे मालकांची सख्खी आत्या, वरच राहणारी. तिनं माझ्या नवऱ्याला फुंकायला शिकवलं तेव्हा त्याला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. आता तिचे सगळे केस पांढरे झालेत, दम्याचा फवारा ब्लाऊजमध्ये खोचलेला असतो, पण कान असा की भिंतीपलीकडून सांगेल, खालची गादी बसलेली नाही म्हणून. गादी म्हणजे भोकावर बसणारी ती इवलीशी चकती. ती जराशी तिरकी बसली तरी हवा गळते.

आता किडनीचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. माझ्या नवऱ्याच्या पोटात माझी किडनी आहे. त्याच्या दोन्ही गेल्या तेव्हा माझी जुळली आणि मी दिली. उपकार वगैरे काही नाही, पण तिच्या जोरावर मी त्याला हवं ते बोलते आणि तो ऐकून घेतो. परकी वस्तू शरीरानं हुसकावून लावू नये म्हणून त्याला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्या अंगातल्या राखणदारांना गुंगीत ठेवतात. किडनी सुखरूप राहते, पण मग खरोखरचा चोर शिरला तरी राखणदार डोळे चोळत बसतात.

कोविड आम्हाला दोघांना एकदमच झाला. मी दोन दिवस अशी झोपले की उठून पाणीही पिववेना. त्याला नुसती कणकण आणि घशात खवखव. बघणाऱ्याला वाटावं, हिलाच जास्त झालाय. आठवडा संपायच्या आत माझ्या पट्टीवरची दुसरी रेघ पुसट होत होत गेली आणि मी पार्लरला लागले. त्याची रेघ जागची हलेना. तो कोपऱ्यातल्या खोलीत, मी बाहेर, दाराशी ताट ठेवायचं आणि दारातूनच भांडायचं, असे आमचे दिवस चालले होते. एकच घर, एकच दिवस, एकच आजार, आणि मी मोकळी झाले, तो अडकून पडला. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं म्हणून मला भिंतीवरच्या कागदाचं कौतुक नव्हतं.

किडनीच्या डॉक्टरीणबाईंना मी फोन केला होता. फार सरळ बाई. त्या म्हणाल्या, "पाच दिवस हा सगळ्यांसाठी काढलेला अंदाज आहे. लस झालेली, तब्येत ठणठणीत, आजार हलका, अशी माणसं बहुतेक आठवड्याभरात, फार तर दहा दिवसांत निवळतात. आजार जोरात झाला तर जास्त लागतात. आणि यांच्यासारखी, प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्यांवरची माणसं असतील तर आठवडेच्या आठवडे लागू शकतात. आपल्याला बरं वाटतंय याचा आणि दुसऱ्याला लागण होणार नाही याचा काही संबंध नाही."

"मग कळायचं कसं?"

"घरची पट्टी करत राहा. दोन रेघा येताहेत तोवर धोका आहे असं धरून चालायचं. नुसती एकदा एक रेघ आली म्हणून नाचायचं नाही, एक-दोन दिवस सोडून परत करायची. आणि गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. काय कमी करायचं ते मी सांगेन."

हे सगळं मी मालकांना सांगितलं. शब्द न् शब्द सांगितलं. त्यांनी मला त्यांच्या मेहुण्याची गोष्ट ऐकवली. मेहुण्याची तपासणी म्हणे दोन महिने पॉझिटिव्ह येत होती, आणि डॉक्टरनंच सांगितलं की काही नाही, खुशाल फिरा. तेव्हा तपासण्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

मी डॉक्टरीणबाईंना परत विचारलं. त्या म्हणाल्या, मेहुण्याची ती लॅबची तपासणी असणार. लॅबचं यंत्र मेलेल्या विषाणूचे तुकडेसुद्धा शोधून काढतं, त्यामुळे माणूस निवळला तरी ती कित्येक दिवस पॉझिटिव्ह येते. घरच्या पट्टीचं तसं नसतं, तिला रेघ उमटवायला बराच माल लागतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी हेही मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही डॉक्टरकीच सुरू करा." पार्लरवालीनं काही समजून घेतलं की लोकांना ते सहनच होत नाही.

आणखी एक सुचवून बघितलं. म्हटलं, गाद्या बसवायचं, स्क्रू घट्ट करायचं काम घरी पाठवा, फुंकायला तेवढं दुसऱ्याला बसवा. तर म्हणे फुंकल्याशिवाय दुरुस्ती कसली, आणि शाळांच्या बँडच्या स्पर्धा तोंडावर आल्यात. बोलण्याच्या शेवटी त्यांनी खरं काय ते काढलं. बाहेरचा एक माणूस जागा विचारत होता. सोमवारी फुंक्या आला नाही तर स्टूल त्याला.

नवऱ्याला मी हे दारातून सांगितलं. दुसरं काम त्याला येत नाही असं नाही, पण दुसरं काम त्यानं कधी मनातही आणलेलं नाही. त्यात पॉलिशवाल्यानं त्याला फोन करून टोचलं होतं. "आराम चाललाय म्हणे. आम्हालाही बायकोची किडनी मिळाली असती तर बरं झालं असतं." हे त्यानं मला तेव्हा सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मी त्या पॉलिशवाल्याला त्याच्याच डब्यातलं पॉलिश चाटायला लावलं असतं.

"मी जाणार नाही," एवढंच तो म्हणाला. मी विश्वास ठेवला.

सोमवारी दुपारी पार्लरमध्ये वीज गेली म्हणून मी लवकर घरी आले. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं. अंथरूण घडी घालून ठेवलेलं. केराच्या टोपलीत त्या दिवशी सकाळी केलेली पट्टी होती, तिच्यावर दोन रेघा. आणि खुंटीवरची माउथपीसची पिशवी नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला घातल्या की नाही तेही मला आठवत नाही, म्हणजे घातल्याच असणार.

काउंटरवर कुणी नव्हतं. पॉलिशच्या खोलीत पॉलिशवाला हातातलं काम सोडून मागच्या दाराकडे मान वर करून बघत होता. आतून मालकांचा आवाज येत होता. "दे ना. अरे, दे ना तिच्याकडे. नळी गार होईल."

मी दार ढकललं. दोन्ही स्टुलांवर दोघं बसलेले. आत्यानं हात पुढे केलेला. आणि माझा नवरा क्लॅरिनेट दोन्ही हातांनी छातीशी धरून बसला होता. मास्क हनुवटीवर ओढलेला, कारण मास्क लावून फुंकता येत नाही. मालक त्याच्या डोक्यावर उभे. खिडक्या सवयीप्रमाणे बंद.

त्याचा काय विचार होता ते त्यानं मला नंतर सांगितलं. त्याला वाटलं होतं की आपण जायचं, मास्क लावून बसायचं, माउथपीस आपला, फुंकर नळीत जाईल, आणि वाद्य चांगलं गार झाल्यावर पुसून आत्याला द्यायचं. म्हणजे जागाही राहील आणि आत्याही. आयुष्यभर श्वास नळीत घालत आलेला माणूस. तो श्वास नळीतून निघून खोलीत जातो आणि खोलीतच राहतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या लेखी तो नळीत गेला की काम झालं. ऐन वेळी रीत आडवी आली. गरम असतानाच दे, म्हणून मालक ओरडायला लागले, आणि याचा हात काही पुढे होईना. न देऊन काय उपयोग होता, हवा तर मघापासून खोलीभर होती. पण त्याला जेवढं समजत होतं तेवढं तो जीव तोडून करत होता.

मी आधी खिडक्या उघडल्या. दोन्ही कड्या गंजलेल्या, चपलेनं ठोकून काढाव्या लागल्या. म्हणजे चपला होत्याच.

"आत्या, वर जा," मी म्हटलं. "याची पट्टी आज सकाळी दोन रेघांची आहे."

आत्यानं मालकांकडे पाहिलं. "तू तर म्हणालास, हा बरा झालाय."

"झालाच आहे. पाच दिवस कधीच उलटून गेले," मालक म्हणाले. "वहिनी, हा माझा कारखाना आहे. कागद भिंतीवर आहे. त्यात कुठे लिहिलंय की फुंक्याचे वेगळे आणि माझे वेगळे?"

"तेच तर लिहिलेलं नाही ना. त्याच्या पोटात काय आहे ते तुमच्या कागदाला माहीत नाही. मला माहीत आहे, माझ्याकडचंच आहे."

"रोज उठून एक नवीन कारण."

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. आधी काही ठरवलेलं नव्हतं. "तुमचा कागद खरा आहे ना? मग आज दुसरं तोंड तुमचं. फुंका."

पॉलिशवाला दारात येऊन उभा राहिला होता. काउंटरवरची बाईही आली होती. मालक गोरेमोरे झाले. त्यांनी एकदा कामगारांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि नवऱ्याच्या हातातली क्लॅरिनेट हिसकावून घेतली. माउथपीस शर्टाला पुसला आणि फुंकली. मालकांना वाजवता येत नाही. वडिलांनी शिकवायचा प्रयत्न करून सोडून दिलं होतं. असा काही आवाज निघाला की पॉलिशवाला खाली बघून हसायला लागला.

"झालं समाधान?" मालक म्हणाले. "मेलो का मी?"

नवरा उठला. त्यानं मालकांच्या हातून क्लॅरिनेट परत घेतली, आपला माउथपीस सोडवला, वाद्य जागेवर ठेवलं. मालक म्हणाले, आज गेलास तर परत येऊ नकोस. त्यानं मास्क वर ओढला आणि माझ्या मागून बाहेर आला. मला तेव्हा त्याचा राग आला होता आणि त्याच्यावर इतकी मायाही दाटून आली होती की रस्ताभर मी त्याला शिव्या देत होते आणि डोळे पुसत होते. तो माझ्यापुढे चांगला लांब चालत होता. लांबूनही त्याला शिव्या ऐकू येत होत्या.

त्याच आठवड्यात मालक आजारी पडले. आत्याही. पॉलिशवाल्याला काही झालं नाही, काउंटरवरच्या बाईला काही झालं नाही. त्या दोघांपैकी मागच्या खोलीत आधीपासून कुणी बसलेलं नव्हतं. मालकांना एक दिवस ताप आला, मग घसा, मग काही नाही. आत्याला मात्र इस्पितळात न्यावं लागलं. ऑक्सिजन लावला, स्टेरॉइड दिलं. मी रोज काउंटरवरच्या बाईला फोन करून विचारायचे आणि दारातून नवऱ्याला सांगायचे. तो जेवायचा नाही. किडनीला उपाशी ठेवू नकोस, ती माझी आहे, असं म्हणून मी त्याला घास गिळायला लावायचे.

मग मालकांचा फोन आला. आवाज एकदम खणखणीत.

"वहिनी, बघा. मलाही झाला आणि पाच दिवसांत खडखडीत बरा झालो. पट्टीही केली, तुमच्या समाधानासाठी. एकच रेघ. कागद काही खोटं बोलत नव्हता."

"तुमच्या अंगाला तो कागद लागू पडला," मी म्हटलं. "पण मला एक सांगा, तुम्हाला झाला कुणापासून?"

"कुणापासून म्हणजे? फुंक्यापासूनच. त्या खोलीत अजून कोण होतं?"

"आणि तेव्हा तुमच्या कागदाप्रमाणे त्याचे दिवस कधीच संपलेले होते. तो कुणाला देऊ शकत नव्हता."

मला वाटलं, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल. माझीही कमालच म्हणायची.

"तेच म्हणतोय मी," मालक म्हणाले. "इतके दिवस होऊनही तो लागण देतच राहिला. म्हणजे त्याच्या अंगातच खोट आहे. उद्या परत झाला तर परत महिनाभर तेच. असा माणूस त्या खोलीत मी ठेवू कसा? तुम्हीच सांगा. दुसऱ्याला घेतलंय मी, आजपासून बसतोय."

मी पार्लरच्या जिन्यात उभी होते. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. मी काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. माझा नवरा खरं सांगत होता तेव्हा ढोंगी ठरला. त्याचं खरं निघालं तेव्हा सदोष ठरला. घरी बसतो म्हणून जागा जाणार होती, आला म्हणूनही गेलीच. त्यानं नेमकं कुठल्या दिवशी काय करायला हवं होतं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. मालकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही शांत झालात की बोलू." म्हणजे चूक पुन्हा माझ्या आवाजाचीच.

आत्या वाचली. इस्पितळातून घरी आणली तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं आणि त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ताट पूर्ण संपवलं.

त्यानंतर एका संध्याकाळी परत मालकांचा फोन. या वेळी आवाज खालचा. इकडचं तिकडचं बोलले. पार्लर कसं चाललंय, पाऊस काय म्हणतोय. मी हूं हूं करत राहिले.

"वहिनी, तुमच्या त्या डॉक्टरीणबाईंना जरा विचाराल का? आत्याला घरी आणून बरेच दिवस झाले. बरं वाटतंय तिला. पण पट्टी केली की दोन रेघा येतात. रोज येतात. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलंय तिला, दार लावून. पोरं सारखी आत जायला बघतात. लहान आहेत हो. किती दिवस लागतील तिला?"

मी ऐकत होते.

"पाच," मी म्हटलं.

"अं?"

"पाच दिवस. भिंतीवर कागद आहे. झाले की नाही तिचे? मग दार उघडा आणि पोरांना द्या तिच्या मांडीवर."

मी वाट पाहत राहिले. मालक एका शब्दानं म्हणाले असते की चुकलं, तर मी तिथल्या तिथे पाघळले असते, माझा स्वभाव तसाच आहे. ते म्हणाले, "आत्याची गोष्ट वेगळी आहे, वहिनी. तिचं वय झालंय. स्टेरॉइड चालू होतं. तिच्या शरीराला वेळ लागणार."

नवरा अजून दोन रेघांवरच होता, कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं हात पुढे केला. मी मान हलवली. त्यानं हात तसाच ठेवला. शेवटी मी फोन दाराच्या उंबऱ्यावर ठेवून मागे झाले.

आणि त्यानं मालकांना सगळं समजावलं. शांतपणे, एकेक गोष्ट. आत्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा. पोरांना दारातूनच बोलू द्या. पट्टी एक-दोन दिवस सोडून करत राहा, आणि एकदा एक रेघ आली तरी परत करा. लॅबची तपासणी नको, तिनं नुसता घोळ होतो. फवारा हाताशी ठेवा. तिला एकटं वाटतं, म्हणून खाली जी वाद्यं वाजतात ती ऐकू येतील एवढं जिन्याचं दार उघडं असू दे. मालक पलीकडून हो हो म्हणत असणार, कारण तो मध्ये मध्ये थांबत होता. एकदा तो बराच वेळ थांबला, कान फोनला लावून. मला वाटलं, आता जागेचा विषय निघाला. मग तो म्हणाला, "बरं, ठेवतो," आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"थँक यू म्हणाला."

"आणि जागेचं?"

"नाही काही."

"तू विचारलंस?"

"नाही."

"का नाही विचारलंस? स्वतःच्या पोरांसाठी त्याला सगळं कळतं. वय कळतं, स्टेरॉइड कळतं, दोन रेघा कळतात. तुझ्याच वेळेला कागद होता. आणि तू त्याला शिकवत बसतोस. मघाशी एवढा वेळ गप्प कशाला होतास?"

तो उंबऱ्याच्या आत खाली बसला, भिंतीला पाठ लावून. "मागून क्लॅरिनेट वाजत होती," तो म्हणाला. "तो नवीन माणूस. खालचा स्वर गळतोय त्याचा. तळाची गादी तिरकी बसलीये, आणि त्याला ऐकू येत नाहीये. आपलं आपल्याला ऐकू येत नाहीच. आत्या वर बंद, मी इथे. त्याला सांगणार कोण?"

"गळू दे," मी म्हटलं.